पाठमोरी मशीद

कोकणावर मराठीत जेवढे लिहिले गेले आहे, तेवढे महाराष्ट्राच्या दुसऱ्या एखाद्या भागावर क्वचितच लिहिले गेले असेल. माड, पोफळी, खाड्या, होड्या, खोत, भुतेखेते, मुंबईचे चाकरमाने आणि गणपतीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या, यांतले काहीही आमच्या लेखकांच्या नजरेतून सुटलेले नाही. दापोली परिसराचा माणूस श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'ने 1952 साली मराठी कादंबरीत उभा केला. वाशिष्ठीच्या काठचा मुसलमान माणूस, त्याचे घर, त्याची वाडी आणि त्याचे अंतर्मन हमीद दलवाई यांनी 1965 साली 'इंधन'मध्ये मांडले. माणसांच्या बाबतीत कोकणाची उपेक्षा झाली असे म्हणता येणार नाही. उपेक्षा झाली ती दगडांची, आणि तीही सर्व दगडांची नव्हे. किल्ल्यांच्या वाटा आपण तुडविल्या, देवळांची माहात्म्ये लिहिली. मशीद मात्र आमच्या लेखनात फार तर क्षितिजावरचा एक मिनार म्हणून येते. संध्याकाळ झाली हे सांगण्यापुरती बांग ऐकू येते आणि लेखक पुढे जातो.

एखादी मशीद ही वास्तू म्हणून, म्हणजे कोणी तरी डोके चालवून, हात राबवून घडविलेली कलाकृती म्हणून, पाहावी आणि तिचे गुणदोष सांगावेत, असे आपल्याकडे सहसा कोणास वाटत नाही. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याच्या बैठकीची होते. मग शेकडो वर्षे पावसात उभ्या असलेल्या इमारतीची का होऊ नये? या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी दाभोळच्या मशिदीविषयी चार शब्द लिहीत आहे. ही मशीद माझ्या म्हसळ्याहून फार दूर नाही. श्रीवर्धन, हरिहरेश्वर करीत बागमांडल्याला यावे, फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरावे, आणि मंडणगड-दापोलीमार्गे दाभोळ गाठावे. दिवाळीच्या सुट्टीत दापोलीच्या किनाऱ्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात, त्यांतली फारच थोडी चाके या गावाकडे वळतात.

दाभोळ हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे, परंतु ते भलत्याच कारणाने. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'एन्रॉन' या अमेरिकन कंपनीच्या वीज प्रकल्पावरून जे राजकारण पेटले, त्याने हे नाव घरोघर पोहोचविले. गंमत अशी की तो प्रकल्प दाभोळात नाहीच. तो खाडीच्या पलीकडे, गुहागरच्या बाजूला, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात आहे. कंपनीने नाव मात्र दाभोळचे घेतले. जुन्या बंदराच्या नावात अजून किती वजन आहे, याची ती नकळत दिलेली पावतीच म्हणावयाची.

वजन होतेच. वाशिष्ठी जेथे समुद्राला मिळते तेथे, उत्तर काठावर, हे गाव आहे. बहामनी राज्याच्या काळात दक्षिणेतल्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होई. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आपल्याच रायगडच्या चौल बंदरात उतरला, दख्खनभर हिंडला, आणि परतीच्या प्रवासासाठी त्याने जहाज गाठले ते दाभोळात. अरबस्तानचे घोडे येथे उतरत आणि घाटावरचे कापड येथून बाहेर जाई. पुढे हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीकडे आले. 1508 साल संपता संपता पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने त्यावर हल्ला करून ते जाळले. गाव पुन्हा उठले, पण पूर्वीचे तेज पुरते परतले नाही. अशा, वैभवाची सवय झालेल्या आणि वैभव ओसरू लागलेल्या बंदरात ही मशीद उभी राहिली. हे ध्यानात ठेवले म्हणजे तिच्या चेहऱ्यावरचा भाव समजू लागतो.

मशिदीची जी कथा सांगितली जाते ती ऐकण्यासारखी आहे. विजापूरची शहाजादी आयेषाबीबी मक्केला जाण्यासाठी लवाजम्यासह दाभोळला आली. बरोबर वीस हजार स्वार होते. येथे आल्यावर समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट असल्याचे कळले आणि यात्रा रहित करावी लागली. धर्मकार्यासाठी आणलेले द्रव्य परत नेणे बरे नव्हे, तेव्हा मौलवींच्या सल्ल्याने तिने त्याच पैशांतून मशीद बांधविली. काम चार वर्षे चालले. घुमटाला सोन्याचा मुलामा दिला, वर चंद्रकोर बसविली, आणि खर्चासाठी आठ गावांचे उत्पन्न लावून दिले. साल सांगतात ते 1659. रत्नागिरी जिल्ह्याच्या 1880 सालच्या गॅझेटियरनेही ही हकीकत नोंदविली आहे. शहाजादीवरून या वास्तूला 'माँ साहेबाची मशीद' म्हणतात. शाही मशीद आणि अंडा मशीद अशीही तिची नावे आहेत.

कथा सुरेख आहे, आणि माझी पहिली तक्रार या कथेविरुद्धच आहे. कादंबरीकार म्हणून मला दंतकथेचे वावडे नाही. उलट तिच्यावरच आमचे पोट भरते. परंतु काही कथा वास्तूला उजळतात आणि काही वास्तूला गिळतात. दाभोळची कथा दुसऱ्या जातीची आहे. येणारा पाहुणा शहाजादीची गोष्ट ऐकतो, वीस हजार स्वारांचा आकडा ऐकून भुवया उंचावतो, सोन्याचे काय झाले ते विचारतो, आणि समोरच्या दगडाकडे ढुंकूनही न पाहता फोटो काढून निघतो. ज्याने ही मशीद रचली त्या कारागिराचे नाव परंपरेने कामीलखान असे सांगितले आहे. ते नाव गोष्टीच्या शेपटाला येते आणि तिथेच राहते. पैसा देणारीची कथा झाली, घडविणाऱ्याची झाली नाही. जगातल्या बहुतेक इमारतींचे हेच प्राक्तन आहे, हे खरे. म्हणून काही ते न्याय्य ठरत नाही.

कथेला थोडे चिमटे काढून पाहिले तर मात्र तिच्यातून इतिहासाचा वेगळाच रंग निघतो. 1659 हे साल मराठी मनाला पाठ आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान पडला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच दाभोळ शिवाजी महाराजांच्या अमलाखाली आले. चार वर्षे काम चालले हा परंपरेचा हिशेब धरला, तर पाया एका राज्यात आणि कळस दुसऱ्या राज्यात, असे या मशिदीच्या बाबतीत म्हणावे लागते. सत्ता बदलली, निशाण बदलले, मशीद राहिली. तिची एकही मिनार कोणी उतरविली नाही. हे एवढे सत्य शहाजादीच्या सोन्यापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. आणि ते सांगायला दंतकथेची गरज नाही, उभी भिंतच पुरेशी आहे.

आणखी एक जुळणी मनात येते. ज्या काळात दंतकथेतली शहाजादी चाच्यांना भिऊन परत फिरली, त्याच सुमारास, 1661 च्या आसपास, विजापूरची खरीखुरी राजमाता बडी साहेबा मक्केच्या यात्रेला निघाली. ती वेंगुर्ल्याहून डचांच्या जहाजातून गेली. इतिहासातली राणी गेली आणि कथेतली राहिली. लोकमानसाला राहिलेलीच अधिक प्रिय झाली, कारण राहिलेली काही तरी मागे ठेवून जाते. यात्रा पुरी झाली असती तर आठवण उरली असती. यात्रा अपुरी राहिली म्हणून इमारत उरली. दंतकथेतले काव्य शोधायचेच असेल तर ते येथे आहे. घोड्यांच्या संख्येत ते सापडणार नाही.

आता वास्तूकडे वळू. मी ती पाहिली ती पौषातल्या एका दुपारी. गावात शिरल्यावर ती एकाएकी समोर येत नाही. माडांच्या वाड्या, घरांची कौले, बंदराकडे जाणारी बोळवजा वाट, आणि मग अचानक दोन झावळ्यांच्या मधून घुमटाचा एक तुकडा. जवळ गेल्यावरही ती सगळी अशी दिसत नाही. घरे आणि बागा तिला इतक्या बिलगल्या आहेत की, मागे सरून डोळाभर पाहावे म्हटले तर पाठ कोणाच्या तरी कुंपणाला लागते. कुंपणापलीकडे सुपारी वाळत घालीत बसलेल्या वृद्ध गृहस्थांना मी विचारले, "चाचा, वर गेलं तर चालेल ना?"

"जावा की, गुरुजी. चपला तेवढ्या पायरीखाली काढा. कोण नाय आत."

मास्तरकी माणसाच्या अंगावर इतकी चढते, की अनोळखी माणसालाही ती कुंपणावरून दिसते. असो.

मशीद उंच दगडी जोत्यावर उभी आहे. पुढे अंगण, विहीर आणि कारंज्याची जागा. दर्शनी बाजूला कमानी, कोपऱ्यांवर निमुळते मिनार, आणि मध्यभागी एकच मोठा घुमट. गॅझेटियरने लांबी-रुंदी दिली आहे ती 63 फूट व 54 फूट, आणि घुमट-मिनारांची उंची सुमारे 75 फूट. म्हणजे ही वास्तू रुंदीपेक्षा उंचीला अधिक आहे. हे प्रमाण महत्त्वाचे आहे. जोते आणि घुमट यांच्यामुळे तिला जी उंची लाभली, तीमुळे ती आकाराने लहान असूनही मनाला लहान वाटत नाही. विजापूरच्या गोलघुमटाचे आतले दालन एका बाजूस 135 फुटांच्या घरात आहे. त्याच्या फरशीवर दाभोळच्या अशा चार मशिदी सहज मांडता येतील. पण गोलघुमटात माणूस स्वतःला मुंगी समजू लागतो, आणि येथे तो माणूसच राहतो. भव्यता आणि मोठेपणा यांत फरक असतो, तो मला या जोत्यावर बसून समजला.

चौकोनी भिंतींवर गोल घुमट बसविणे, ही या सगळ्या प्रकारच्या बांधकामातली अवघड गोष्ट होय. चौकोनाला चार कोपरे असतात, वर्तुळाला एकही नसतो. मग कोपऱ्यांत उरलेल्या पोकळीवर घुमटाचे ओझे ठेवायचे कसे? विजापूरच्या कारागिरांनी गोलघुमटात याला जे उत्तर दिले, ते आमच्या गृहिणींना समजावून सांगायला नको. ठिपक्यांच्या रांगोळीत आपण एक चौकोन काढतो, त्यावर दुसरा चौकोन तिरका फिरवून ठेवतो, आणि आठ टोकांची चांदणी तयार होते. चांदणीच्या आत आपोआप अष्टकोन पडतो, आणि अष्टकोनाला गोल करायला फारसे कष्ट पडत नाहीत. विजापूरकरांनी हीच रांगोळी दगडी कमानींनी हवेत काढली. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी, त्यांच्या मधल्या अष्टकोनावर घुमटाची कड, आणि वजन कमानींच्या पायांतून भिंतींत उतरलेले. दाराशी रांगोळी काढणारी मुलगी आणि घुमट बांधणारा गवंडी एकाच भूमितीची लेकरे आहेत, हे मुलांना सांगावे असे मला फार दिवसांपासून वाटते.

गॅझेटियरकाराने या मशिदीला दक्षिण कोकणातला शुद्ध 'सारासेनी' पद्धतीचा एकमेव नमुना म्हटले आहे. इंग्रज अभ्यासकांचे ऋण मोठे आहे. माप घ्यायला पहिल्यांदा फीत त्यांनी धरली. परंतु 'शुद्ध' हा शब्द येथे चुकला आहे. घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्या पाहाव्यात: जणू एक मोठी कळी पाकळ्यांतून वर येते आहे. ही विजापुरी घुमटाची खूण आहे, आणि कमळ काही अरबस्तानात उगवत नाही. विजापूरची शैली म्हणजे इराण-तुर्कस्तानहून आलेला आकार, दख्खनचा दगड आणि येथल्या पाथरवटाचा हात यांचा संसार होय. त्या संसारात शुद्ध-अशुद्ध करणे म्हणजे पुरणपोळीतली डाळ कोणाची आणि गूळ कोणाचा हे विचारण्यासारखे आहे. तिची थोरवी ती मिसळण्यात आहे.

'एकमेव' हा शब्द मात्र बरोबर आहे, आणि त्यात या वास्तूचे वैशिष्ट्य व दोष दोन्ही आले. कोकणातल्या जुन्या मशिदी पाहा. आमच्या म्हसळ्याच्या बाजूला ज्या घडणीच्या आढळतात, ती घडण घराची आहे: जांभ्याच्या भिंती, लाकडी खांब, उतरते कौलारू छप्पर. लांबून पाहिले तर एखाद्या मोठ्या खोताचे घर वाटावे. गोव्यात फोंड्याजवळची साफा मशीद 1560 सालची, विजापूरच्याच अमलातली. तिलाही उतरते कौलारू छप्पर आहे आणि शेजारी पायऱ्यांचा सुंदर तलाव. ज्या मातीत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, त्या मातीने मशिदीला आपली छत्री दिली. दाभोळच्या मशिदीने ती घेतली नाही. ती वर्षाला पंचवीस इंच पाऊस पाहणाऱ्या विजापूरची वेषभूषा करून समुद्रकाठी आली. देशावरची लेक कोकणात दिली, पण माहेरचा शालू तिने उतरविला नाही.

याचा परिणाम दिसतो. तिच्या दगडावर शेवाळाचे आणि काळ्या ओघळांचे थर आहेत. सोन्याच्या मुलाम्याची तर गोष्टच उरली. टीकाकाराच्या चष्म्यातून पाहिले, तर कोकणाच्या हवामानाला न जुमानणे हा या कलाकृतीचा दोष मानावा लागेल. साफा मशीद पाहताना जो एक घरगुती विसावा वाटतो, तो येथे नाही. पण दुसरी बाजू अशी की, परक्या हवेत आपला आकार सांभाळून साडेतीनशेहून अधिक पावसाळे ती उभी राहिली आहे. हा हट्ट असेल. पण हट्टालाही एक सौंदर्य असते. आमच्या राजपुरीजवळ खोकरीचे घुमट आहेत, जंजिऱ्याच्या सिद्दींची थडगी. 1696 ते 1734 या काळात वारलेल्या तीन सरदारांच्या त्या वास्तू. त्यांतही घुमट आहे, पण तो मृत्यूवर उभारलेला, आणि म्हणून जड, स्तब्ध. दाभोळचा घुमट जिवंत माणसांच्या उभे राहण्यासाठी, वाकण्यासाठी बांधला आहे. दोन्ही पाहणाऱ्यास हा फरक पोटात समजतो. शब्दांत तो पकडणे अवघड आहे.

दुसरा दोष रचनेचा आहे. मिनार फार सडपातळ आहेत आणि घुमट भरदार. जवळून पाहताना हा विजोड खटकतो. थोराड बापाशेजारी चार उंचाडी मुले उभी राहावीत तसे. परंतु खाडीच्या मध्यावरून, बोटीतून पाहिले की खटका नाहीसा होतो. अंतराने मिनारांची उंची घुमटाच्या वजनाला तोलून धरते, आणि माडांच्या ओळीत ते मिनार आणखी चार माडांसारखे मिसळून जातात. यावरून मला असे वाटते की, कामीलखानाने आपली वास्तू अंगणातल्या माणसासाठी जितकी बेतली, त्याहून अधिक पाण्यावरच्या माणसासाठी बेतली. बंदरातली इमारत बंदरासारखा विचार करते.

आणि येथेच या मशिदीचे सर्वांत विलक्षण अंग आहे. हिंदुस्थानातली कोणतीही मशीद घ्या, तिचे तोंड पूर्वेला असते आणि पाठची भिंत पश्चिमेला, कारण मक्का पश्चिमेस आहे. कोकणात पश्चिम म्हणजे समुद्र. म्हणून समुद्रावरून येणाऱ्या खलाशाला दाभोळची मशीद दिसते ती पाठमोरी. एवढे उंच जोते, एवढा घुमट, आणि पाहुण्याला दिसते ती तिची बंद भिंत! प्रथम हा एक प्रकारचा विनोद वाटतो. पण आत जाऊन मेहराबीसमोर उभे राहावे, म्हणजे विनोद ओसरतो. नमाजाला उभा राहणारा प्रत्येक माणूस येथे समुद्राकडे तोंड करून उभा असतो. त्या भिंतीपलीकडे वाळू, वाळूपलीकडे पाणी, आणि पाण्यापलीकडे ती वाट, जी दंतकथेतल्या शहाजादीला चालता आली नाही. ती गेली नाही. पण तिने एक भिंत अशी बांधविली की, जो कोणी तिच्यासमोर उभा राहील त्याचे तोंड तिच्या अपुऱ्या यात्रेकडे होईल. कथेचा हा अर्थ कोणी सांगत नाही. तो इमारतीच्या दिशेतच आहे, आणि वास्तू वाचायची म्हणजे दिशा वाचायची.

दाभोळातच चंडिकादेवीचे गुहेतले देऊळ आहे. तेथे काळोखात, समईच्या उजेडात, वाकून आत जावे लागते. देवी अंधारात आहे आणि अंधार हाच तिचा गाभारा आहे. मशिदीत गाभारा नाही. कमानींतून वारा आरपार वाहतो, खारट वास घेऊन येतो, कबुतरांचे घुमणे घुमटात फिरते. एका गावाने ईश्वराची दोन घरे केली: एक पृथ्वीच्या पोटात शिरून, दुसरे आकाशाखाली उघडे राहून. दोन्ही पाहिल्याखेरीज दाभोळ पाहिले असे म्हणता येणार नाही. एक पाहून दुसरे टाळणारा अर्धेच गाव पाहून परततो.

दुर्दैवाने आज आपण जुन्या मशिदीकडे पाहतो ते दोनच नजरांनी. एक नजर कौतुकाची: शहाजादी, सोने, गुप्त धन. दुसरी नजर उलटतपासणीची: हिच्या खाली काय होते, हिच्या आधी कोण होते. दोन्ही नजरा समोरचे पाहत नाहीत. एक वर पाहते, दुसरी खाली. इतिहासाची तपासणी होऊ नये असे मी म्हणत नाही. ती अभ्यासकांनी पुरावे घेऊन करावी. परंतु जो माणूस कमान कशी तोलली आहे हे एकदाही न पाहता वास्तूविषयी मत बनवतो, तो पुस्तक न उघडता परीक्षण लिहिणाऱ्या समीक्षकासारखा आहे. अशा समीक्षकाचे आपण काय करतो ते सर्वांना ठाऊक आहे.

म्हसळा हे जुन्या जंजिरा संस्थानातले गाव. 1948 साली संस्थान विलीन झाले, पण सरमिसळ वस्ती तशीच राहिली. माझ्या वर्गात एका बाकावर दोन्ही घरांतली मुले बसतात. ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीची करंजी एकाच डब्यातून फिरते. एकदा मी मुलांना कोकणातल्या जुन्या वास्तूंची नावे लिहायला सांगितली. रायगड आला, जंजिरा आला, हरिहरेश्वर आला, कुड्याची लेणीसुद्धा आली. मशीद एकाही पाटीवर आली नाही. जी मुले रोज जुन्या मशिदीत जातात, त्यांच्याही वहीत ती नव्हती. मला हे फार लागले. हिंदू मुलाला ती परकी वाटली असेल. पण मुसलमान मुलालाही आपली मशीद 'वास्तू' या शब्दात बसत नाही असे वाटावे, हे आमच्या शिकविण्याचे आणि आमच्या लिहिण्याचे अपयश आहे. जे पुस्तकात नाही ते जुने नाही, जे जुने नाही ते जपायचे नाही, असा हिशेब मुले नकळत करतात. आणि पुढे तीच मुले मोठी होऊन विश्वस्त होतात, सरपंच होतात, कंत्राटे देतात.

कारण न जपण्याची किंमत असते. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा लेप चढविला, की भिंतीतली ओल बाहेर पडायची थांबते. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. ओल आत कोंडते, दगडाचा पापुद्रा सुटतो, आणि दुरुस्ती हीच दुखापत होते. ऑइलपेंटचेही तेच. हा प्रमाद देवळे, मशिदी, वाडे, सगळीकडे सारख्याच भक्तिभावाने चालू आहे. या बाबतीत आपल्याकडे जातिभेद नाही. घुमटाच्या फटीत उगवलेले पिंपळाचे एक रोप वेळीच उपटले तर पुढच्या पिढीचे लाखो रुपये वाचतात, पण ते उपटायला आधी ते दिसावे लागते, आणि दिसायला कोणी तरी वर पाहावे लागते.

दाभोळची मशीद ही अलौकिक कलाकृती आहे असा माझा दावा नाही. विजापूरच्या थोर इमारतींच्या पंक्तीत ती धाकटी आहे. हवामानाशी तिचे पटलेले नाही, आणि जवळून तिची अंगे पूर्ण जुळत नाहीत. तरी ती पहिल्या प्रतीची गोष्ट सांगणारी दुसऱ्या प्रतीची वास्तू आहे, आणि अशा वास्तूच एखाद्या प्रदेशाचे खरे चरित्र सांगतात. ताजमहाल कोणाचाही होऊ शकतो. ही मशीद वाशिष्ठीच्या मुखाखेरीज कोठेही शोभणार नाही. अशा कलाकृतीला प्रेम करणारे वाचक लागतात, भाविक आणि भांडखोर तिला पुरेसे मिळाले आहेत.

यंदा सुट्टीत कोणी दापोलीच्या बाजूला जाणार असेल, तर एक दुपार दाभोळसाठी ठेवावी. आधी खाडीतून बोटीने लांबून पाहावे, मग जोत्यावर चढावे. चपला खाली काढाव्यात, आवाज हळू ठेवावा. नमाजाची वेळ असेल तर अंगणात थांबावे. मुलांना शहाजादीची गोष्ट अवश्य सांगावी, पण ती सांगून झाल्यावर त्यांना मान वर करायला लावून विचारावे: चार कोपऱ्यांवर हा गोळा बसला कसा? पोर थोडे विचारात पडेल. मग त्याला दारातल्या रांगोळीची आठवण द्यावी. त्याचे डोळे ज्या क्षणी मोठे होतील, त्या क्षणी ती मशीद कोणाची या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज राहणार नाही.